पिक्चरमधली टाक घातलेली बाई

आमच्या घरात एक पिक्चर पंचवीस वर्षं चालू आहे. रंगीत चित्रांचा, परदेशातला, माझ्या वडिलांच्याही जन्माआधी काढलेला. सावत्र आई पोरीला राबवते, झाडायला-पुसायला लावते, मग एक म्हातारी जादू करते, राजवाड्यात नाच होतो आणि पोरीचं भलं होतं. गोष्ट एवढीच. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला मोबाइलवर जगभरातली कार्टून्स मिळतात, तरी ताप आला की बाईसाहेब हाच लावतात. एकदा विचारलं, काय आहे गं एवढं त्यात? तर म्हणाली, "ती मुलगी शेवटी जिंकते ना, ते मला आधीच माहीत असतं." ती तिच्या जागी बरोबर आहे. मी मात्र तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असताना हा पिक्चर लावायचे तो निव्वळ सूड उगवायला.

मी आठ वर्षांची असताना आई गेली. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं. ते सातपूरला कारखान्यात, आज फर्स्ट शिफ्ट तर उद्या सेकंड. घरात मला बघायला कुणीतरी हवंच होतं. हे आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ती चांदवडकडची, कांदे पिकवणाऱ्या घरातली, पंचविशीचीसुद्धा नसेल. आत्यानं मला बजावलं, हिला नवी आई म्हणायचं. मी अजून तेच म्हणते. आता तिचे गुडघे दुखतात, जिना चढताना कठडा धरावा लागतो, तरी ती नवीच.

तिच्या गळ्यात माझ्या आईचा टाक होता. आमच्याकडे पहिली बायको वारली की तिच्या नावाचा चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती, दुसरीच्या गळ्यात घालतात. पहिलीचा जीव शांत राहावा आणि दुसरीनं तिच्या लेकरांना नीट बघावं, असा त्यातला हिशेब. नवी आई सणाला पहिला घास त्या टाकाला लावल्याशिवाय जेवायची नाही. मला ते बघून तिडीक यायची. माझी आई हिच्या गळ्यात कशाला?

त्याच वर्षी दिवाळीत वडिलांनी सीडी प्लेअर आणला आणि सोबत ही एक सीडी. इंग्रजी. आम्हाला कुणालाच एक अक्षर कळायचं नाही, पण चित्रं सगळं सांगत होती. शाळेतून आले की मी तो लावायचे, आवाज मोठा करून. नवी आई मागे बसून लसूण सोलत बघायची. तिला लागत कसं नाही, म्हणून एक दिवस मी तोंडावरच सांगितलं, "ही सावत्र आई आहे. तुझ्यासारखी." पडद्यावरच्या त्या बाईच्या गळ्यात एक मोठं पदक होतं, ती त्याकडे बघत राहिली. मग लसणाचं ताट उचलून आत गेली. मला वाटलं, जिंकले.

त्यानंतर तिनं मला काडीला हात लावू दिला नाही. शेजारच्या पोरी संध्याकाळी भांडी घासायच्या, आयांची बोलणी खायच्या आणि नाकं मुरडत पुन्हा आयांनाच चिकटायच्या. मी झाडू उचलला की ही माझ्या हातातून काढून घ्यायची. "राहू दे ताई, तू अभ्यास कर." मला, एवढ्याशा पोरीला, ताई. मी बरणी फोडली, शाळेला दांडी मारली, गणितात गटांगळ्या खाल्ल्या. वडील ओरडले, ती नाही. पाहुण्यांवर कोण ओरडतं? तिनं एकदा तरी मला डाफरावं, आपली समजून एक धपाटा घालावा, म्हणून मी काय काय उद्योग केले ते माझं मला माहीत. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा धड फरशी पुसता येत नव्हती. "आईनं काही शिकवलेलं दिसत नाही," सासूबाई म्हणाल्या. मला राग आला तो नव्या आईचाच.

परवाच्या रविवारी मुलीला घेऊन सातपूरला गेले होते. जेवणं झाली, वडील आत लवंडले. मुलीनं टीव्हीवर पिक्चर लावला. आता तो हिंदीत मिळतो. नवी आई तिच्याशेजारी बसून समजावून सांगत होती, "बघ, त्या पोरीच्या आईचा टाक घातलाय गळ्यात, तरी कशी वागती ती बाई."

मला हसू आलं. "अगं, तो टाक नाहीये. नुसता दागिना आहे. तिकडे टाक नसतात घालत."

"नाय?"

"नाही."

ती हळू आवाजात म्हणाली, "मला टाक घातला तवा तुझी आत्या म्हणली व्हती, आता हा गळ्यात हाय, तुझ्या हातनं पोरीचं वाईट व्हायचं नाय. मी बिनघोर व्हते. मग तू हा पिक्चर लावला. टाक घालूनबी ती बाई तशी निघाली. लय भ्याले मी. म्हणलं, टाकाचा काय भरवसा. ती जे जे करती ते आपण करायचंच नाय. पोरीला झाडू द्यायचा नाय, भांडी द्यायची नाय, चढ्या आवाजात बोलायचं नाय."

"आणि राग? यायचा नाही तुला?"

"यायचा की. दुधाचं पातेलं तू मुद्दाम सांडलं व्हतं, ठावं हाय मला. मोरीत जाऊन कपडे आपटायचे मग."

मला माझीच लाज वाटली. ज्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं कुणी नव्हतं, तिथं ती एका चित्रातल्या बाईला घाबरून इतकी वर्षं गप्प राहिली होती. आणि ती बाई तिच्यासमोर रोज मीच आणून उभी करत होते.

"रागवायचं होतंस मला," मी म्हणाले. "सगळ्यांच्या आया रागवायच्या. मला वाटायचं, मी तुझी कुणी नाही म्हणून तू काही बोलत नाहीस."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग ओट्याकडे, जिथं जेवणाची भांडी तशीच पडली होती.

"मग बसलीस काय अशी?" ती म्हणाली. "खरकटं वाळलं तिकडं. तिशी उलटली, घोडी झालीस, ताट उचलायची अक्कल नाय. ऊठ."

आवाज चांगला चढा होता. माझी मुलगी पिक्चर सोडून आमच्याकडे बघायला लागली. मी उठले आणि भांडी घासायला घेतली. डोळ्यांतून पाणी येत होतं, नीट दिसत नव्हतं, कढईचा तळ तसाच राहिला. नवी आई गुडघे धरत मागे येऊन उभी राहिली, कढई उचलून उजेडात धरली आणि माझ्या हातात परत दिली.

"परत घास," म्हणाली.