राणीची पाठ

नाटकातली राणी दरबारातून उलट्या पावलांनी बाहेर पडली आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती राजघराण्याची अदब वाटली. खरं कारण मला ठाऊक होतं, कारण तिचा पोशाख मीच शिवला होता.

कापडाला पैसे नव्हते. "तुझा लग्नातला शालू कपाटात नुसता पडूनच आहे ना?" दिग्दर्शकांनी विचारलं. दिग्दर्शक म्हणजे आमचे हे. शालू घड्यांवर विरला होता. जेवढा धड निघाला तेवढा समोरच्या बाजूला पुरला. पाठीला मी घरातली जुनी चादर लावली आणि राणीचं काम करणाऱ्या मुलीला बजावलं, "काही झालं तरी लोकांकडे पाठ करू नकोस."

असं शिवण मला नवीन नाही. आमचा संसारही असाच बेतलेला आहे. चारचौघांत हे माझ्या हातच्या पोह्यांचं तोंडभरून कौतुक करतात. घरी त्याच पोह्यांची बशी न बोलता पुढे सरकवतात, आणि तोंडासमोर पेपर धरतात. माहेरचं कुणी आलं की मीसुद्धा हसऱ्या तोंडानं दारात उभी राहते.

प्रयोगानंतर पहिल्या रांगेतल्या एक बाई मला म्हणाल्या, "राणीचा शालू काय सुंदर होता हो!"

मी प्रयोगभर विंगेत उभी होते. राणी तिथे यायची ती पाठमोरीच. शालू त्यांनी पाहिला. मला मात्र चादरच दिसत होती.