आमच्या होयबाची आमदारकी

माझा धाकटा भाऊ आमदार झाला, तो त्याला कुणालाच ‘नाही’ म्हणता येत नव्हतं म्हणून. पक्षात दोन गट होते आणि हा दोन्हीकडे जाऊन ‘हो, हो’ करून आलेला. दोघांनाही वाटलं, हा आपलाच माणूस. झालं, तिकीट याच्या गळ्यात!

सगळे त्याला होयबा म्हणायचे. मीही म्हणायचे, मी थोरली, मला कोण अडवणार? सकाळपासून पुढच्या खोलीत माणसं बसलेली. रस्ता हवा? हो. तोच रस्ता नको? हो हो. एकदा एकाच जागेवर याने एकाला व्यायामशाळा कबूल केली आणि दुसऱ्याला वाचनालय. शेवटी तिथं झाला बसथांबा, आणि दोघंही येऊन याचेच आभार मानून गेले. अशा माणसाला काय बोलायचं, कपाळ!

सभागृहातलं तर विचारूच नका. पक्षाच्या नेत्यांनी बाक वाजवला की हा वाजवणार, त्यांचा हात वर गेला की याचाही वर. तीनदा निवडून आला, पण याचा आवाज कसा आहे ते तिथल्या माइकलाही ठाऊक नव्हतं.

मी सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स. एक दिवस कळलं, आमचा वॉर्ड उचलून नेत्यांच्या शहरात नेणार. अहो, डोंगरापलीकडच्या बायका आमच्यापर्यंतच कशाबशा पोचतात. कळा देत आणखी पुढे कुठे जायचं त्यांनी? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दवाखाना याच्याच मतदारसंघातला, त्यामुळे याने विरोध केला तर फाइल अडणार होती. पण याला मंत्रिपद देऊ केलेलं! जेवताना मी विचारलं, “यालाही हो म्हणणार ना तू?”

“हो,” सवयीने म्हणाला, आणि मग ताटात बघत बसला. त्या दिवशी मी त्याला भाजी वाढली नाही.

ठराव आला. अध्यक्ष म्हणाले, “अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.” सगळे गरजले. “प्रतिकूल?” शेवटच्या बाकावरून एक बारीकसं ‘नाही’ आलं. सगळं सभागृह मागे वळलं, तर हा! शेजारच्या आमदाराने म्हणे याच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

कुणाचा विश्वासच बसेना, पण फाइल अडली. दुसऱ्या दिवशी नेते स्वतः घरी आले. चहा घेतला, बिस्किटं घेतली, याच्या पाठीवरून हात फिरवला. “दमला असाल हो. जीभ घसरली, दुसरं काय? चुकून म्हणालात, एवढंच ना? नोंद दुरुस्त करून घेऊ.”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. त्याचा लाडका शब्द! मी दारात ट्रे घेऊन उभी. म्हटलं, संपलं सगळं. मधुमेह आहे तरी चहात साखर घालू का विचारलं की हो म्हणणारा माणूस हा.

घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. “नाही साहेब,” तो म्हणाला, “मुद्दाम म्हणालो.”

नेत्यांनी कप खाली ठेवला. “मंत्रिपद जाईल. पुढचं तिकीटही जाईल.”

“हो,” हा म्हणाला. “जाईल.” पुढे दोन्ही गेलीच, हे वेगळं सांगायला नको.

नेते माझ्याकडे वळले. “ताई, तुम्ही तरी समजवा. तुमचं ऐकतो तो.”

“साहेब, आमदार तो आहे,” मी म्हटलं. “त्याने सांगितलंय तुम्हाला.”

गाडी गेली तरी हा खुर्चीतून उठेना. “ताई, चुकलं का ग माझं?”

एरवी मी एकाला चार ऐकवणारी बाई. पण तेव्हा हातातला ट्रे खाली ठेवला. वॉर्डात पहिलटकरणीचे धरते तसे मी त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. “नाही रे राजा,” म्हटलं, “काही चुकलं नाही तुझं.” आणि त्याच्याआधी मीच रडायला लागले.