डाव्या कुशीवर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. आईला नाही, ज्याच्याशी लग्न केले त्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, ते तुमच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे. तुम्ही मला ओळखत नाही, आणि उद्या भर बाजारात समोर आलात तरी मी ओळख दाखवणार नाही, एवढ्यासाठी. ही काही मैत्री नव्हे, असे म्हणाल. नसेल. मला मैत्रीण सांत्वन करायला नको आहे, ऐकायला हवी आहे — आणि सांत्वन केल्याशिवाय ऐकणारी मला अजून भेटलेली नाही.

आधी थोडे शास्त्र. शास्त्र सांगताना माझा आवाज स्थिर राहतो.

हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये एरवी शांतता असते. रक्त वाहते, पण त्याचा आवाज होत नाही. कुठे वाट अरुंद झाली, एखादी झडप नीट मिटेनाशी झाली, किंवा रक्तच नेहमीपेक्षा वेगाने धावू लागले, की त्या शांततेत एक सरसर, एक घरघर ऐकू येते. तिला आम्ही मर्मर म्हणतो. पुष्कळ निरोगी मुलांच्या छातीत ती असते आणि वाढत्या वयात विरून जाते. तापात असते, गरोदरपणात असते, रक्त कमी असले तरी असते. मर्मर हा आजार नव्हे. ती खूण आहे. खूण कशाची, हे ठरवणे आमचे काम. यातले एक वाक्य लक्षात ठेवा, कारण माझा अपराध त्याच्याच आडोशाला उभा आहे : आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असे नसते. आणि आवाज बारीक झाला म्हणजे माणूस बरा झाला, असेही नसते. झडप फारच आवळली आणि हृदय थकले, की उलट आवाजच क्षीण होतो.

हे डॉक्टरला ठाऊक असते. रुग्णाला वाटते : आवाज कमी, दुखणे कमी. तसे वाटण्यात त्याची चूक काय? दाराची कुरकुर थांबली, तर आपणही दार दुरुस्त झाले असेच समजतो.

उलव्याच्या खाडीकाठी विमानतळाच्या भरावाचे डंपर दिवसभर धावत होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. पनवेलजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी पदव्युत्तर शिक्षण घेत होते आणि खांदा कॉलनीत भाड्याच्या खोलीत राहत होते. पुढे हृदयरोगतज्ज्ञ व्हायचे, हे माझे ठरलेले होते. ठरलेले होते म्हणजे — दुसरे काही माझ्या डोळ्यांना दिसत नव्हते. रुग्णसुद्धा? थांबा. तिथेच येते आहे.

सुगंधा माझ्याच वयाची होती. खाडीकाठच्या गावातली कोळीण. सासूबरोबर पनवेलच्या बाजारात मासळी विकायला बसायची. लहानपणी सांधे सुजवणारा ताप येऊन गेला, त्याकडे कोणी लक्ष दिले नाही, आणि त्या तापाने तिच्या हृदयाच्या डाव्या बाजूची झडप हळूहळू आवळत नेली. टोपली उचलली की धाप लागायची. गोळ्या चालू होत्या, आणि दर काही दिवसांनी ती आमच्याकडे तपासणीला यायची.

आमच्या विभागात ती सर्वांची लाडकी होती — माणूस म्हणून नव्हे, केस म्हणून. वैद्यकीय परीक्षेत खरे रुग्ण खाटांवर निजवतात. विद्यार्थ्याने तपासायचे आणि निदान सांगायचे. त्यासाठी ज्याची लक्षणे स्पष्ट आहेत असा रुग्ण शोधावा लागतो. सुगंधाची मर्मर पुस्तकात लिहिल्यासारखी होती : खोल, खर्जातली, खाडीपलीकडून येणाऱ्या होडीच्या इंजिनासारखी. ती ऐकायची तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावे लागते, म्हणजे हृदय छातीच्या भिंतीला टेकते. सुगंधाला हे इतके सवयीचे झाले होते की कोणी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, की ती न सांगता डाव्या कुशीवर वळायची.

मला ती आवडत नव्हती.

हे सांगायला बरे वाटत नाही, पण खोटे बोलायला आता वेळ नाही. पहिल्याच वर्षी, सगळ्यांसमोर, विभागप्रमुखांनी — त्यांना मी नुसते सर म्हणेन — मला तिची छाती ऐकायला सांगितली. मी ऐकत राहिले. काही सापडेना. तेवढ्यात ही डाव्या कुशीवरून मान वळवून म्हणाली,

"किती येल ऐकताव म्याडम? आतमंदी गाना लागलाय काय?"

सगळे हसले. सरही हसले. मी घाईघाईने म्हणाले, "विशेष काही नाही, सर." सर म्हणाले, "कान तपासून घ्या." त्या दिवसापासून तिने मला नाव ठेवले. मला लांबून येताना पाहिले की शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायची, "ती बग, आमची भयरी म्याडम आली." त्यात दंश नव्हता. एकदा तर तिने घरच्या सुकटीची पुडीही माझ्या हातात ठेवली. मी ती खोलीवर जाऊन कचऱ्यात टाकली.

तर मग पुढे मी जे केले, तो सूड होता का? सूड म्हटले तर माझी प्रतिष्ठा थोडी वाढते. सुडाला निदान ऊब असते, तिथे समोरचा माणूस निदान माणूस असतो. माझ्याकडे तेवढेही नव्हते. ती माझ्या डोळ्यांसमोरून हळूहळू नाहीशी होत गेली होती आणि उरला होता तो तिच्या छातीतला आवाज. तोवर मला तो उत्तम ऐकू येऊ लागला होता.

तिची झडप रुंद करण्याचे ठरले होते. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन, झडपेत छोटा फुगा फुगवून ती उघडतात. मुंबईहून एक तज्ज्ञ महिन्यातून एकदा त्यासाठी येत, आणि खूप वाट पाहिल्यानंतर सुगंधाची पाळी लागली होती. त्याच सुमारास सरांनी मला व्हरांड्यात थांबवले. पदवीच्या मुलांची परीक्षा जवळ आली होती, बाहेरगावचे परीक्षक येणार होते. "या झडपेची चांगली केस हवी. आहे का कोणी?"

मी म्हणाले, "आहे, सर."

तिची पाळी परीक्षेच्या आधी होती, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी सांगितले असते तर ते दुसरा रुग्ण घ्या म्हणाले असते. वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचा आवाज थोडा गोंधळलेला होता, पण चालला असता. मला कोणी भाग पाडले नाही, हे नीट ध्यानात घ्या. मला फक्त "आहे" म्हणणारी व्हायचे होते. आणि फुगा फुगवल्यावर झडप उघडते, रक्त सुरळीत वाहते, आवाज जवळजवळ जातो. मला तो आवाज आणखी थोडे दिवस हवा होता.

पुढच्या तपासणीला ती सासूला घेऊन आली. स्टेथोस्कोप पाहिला, वळली. मी ऐकले. मुद्दाम जास्त वेळ ऐकले. तिने विचारले, "कसा हाय आवाज?"

आवाज पूर्वीइतकाच होता. मी म्हणाले, "कमी झाला आहे. बराच कमी."

तिने उठून बसून माझ्याकडे पाहिले. आनंदी चेहऱ्याची मला चीड येते हे मला तेव्हा प्रथम कळले. मी पुढे सांगत गेले — गोळ्या लागू पडल्या, फुग्याची आता घाई नाही, पुढच्या खेपेला करू. मधल्या काळात परीक्षेला मात्र ये. सासू जमिनीवर बसली होती. तिला ते पटले नाही. "आता पाली आली हाय तं करून टाका ना. नंबर कशाला सोडायचा? माजी सून हाय ती, तुमच्या पोरांचा पुस्तक नाय."

मी उत्तर देणार, तोच सुगंधाने तिला गप्प केले.

"गप र्‍हा गो आई. म्याडमला आता ऐकू येतंय."

आणि हसली. मीही हसले.

एवढेच असते, तरी पुरे होते. पण एवढेच नाही. त्या दिवशी मी आणखी काही ऐकले होते. तिचे ठोके मधूनच चुकत होते. दोन सरळ, एक अवेळी, मग पुन्हा सरळ. झडप आवळलेल्या माणसात याचा अर्थ काय होऊ शकतो, हे मला पाठ होते : हृदयाची लय बिघडते, वरच्या कप्प्यात रक्त साचते, साचलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि गुठळी कुठेही, अगदी मेंदूतही, जाऊ शकते. मला ते ऐकू आले. मी ठोक्यांचा आलेख, ईसीजी, काढला नाही. आलेख काढला असता, तर तिला दाखल करावे लागले असते, आणि सगळे उघडे पडले असते.

ती परीक्षेला आली. चांगली साडी नेसून, केसांत अबोली माळून आली होती. एकामागून एक मुले आली, ती एकामागून एक डाव्या कुशीवर वळत राहिली. एक पोरगा घाबरून घामाघूम झाला होता, त्याला म्हणाली, "भियाचा नाय. या म्याडमला पण पयल्यांदा नवता कलला." परीक्षक खूश झाले. सरांनी विचारले, ही केस कोणी शोधली? मी पुढे झाले.

त्या शाबासकीने मला हृदयरोगाच्या पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली, असे समजू नका. ती मला प्रवेश परीक्षेने मिळाली. म्हणजे सुगंधाच्या बदल्यात मला काहीही मिळाले नाही — मी तिला फुकटच दिली.

तिचे पुढे काय झाले ते आताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत त्याचीच वाट पाहत बसाल. ती जगली. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. दोन्ही परत आली नाहीत. सासू अजून मासळी विकते. काही वर्षांनी मी एकदा चुकून त्या बाजूने गेले. तिने मला पाहिले, मासळी धुतलेले पाणी माझ्या पायांपुढे ओतले, आणि शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भाव करू लागली.

वेळेवर झाले असते तर हे टळले असते का? शास्त्राचे उत्तर आहे : कदाचित. त्या 'कदाचित'वर डोके ठेवून मी बरीच वर्षे झोपले आहे. सांगायला हरकत नाही — चांगली झोप लागते.

आता ती सकाळ.

मुंबईचे तज्ज्ञ पुढच्या खेपेला यायच्या आधीच घरच्यांनी तिला आणले, शेजाऱ्याच्या टेम्पोतून. तोंड वाकडे झालेले, उजवा हात कडेला लोंबत होता. शुद्धीवर होती. सर आले, त्यांच्यामागून विद्यार्थी आले. सरांनी कागद चाळून विचारले, हिची पाळी लागली होती ना? मग झाले का नाही?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्याजवळ विचार करायला वेळ होता, हेही लक्षात घ्या. मी गोंधळून बोलले नाही. मी म्हणाले, "यांच्या घरी कार्य होते, सर. त्यांनीच पुढची तारीख मागितली."

सासू ओरडलीसुद्धा नाही. ती सरांना म्हणाली, "खोटा बोलतंय ही. हिनीच सांगितला, आवाज कमी झालाय. हिनीच थांबवला."

सर म्हणाले, "आजी, तुम्ही बाहेर बसा." मग आमच्याकडे वळून, दमलेल्या सुरात, "ही माणसे ऐकतच नाहीत." मी मान डोलावली.

मग सुगंधाने मान हलवली. माझ्याकडे पाहत हलवली, आणि घशातून एक आवाज काढला, पुन्हा काढला, पुन्हा. शब्द होत नव्हता. सर विद्यार्थ्यांना समजावू लागले, मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली की समजते सगळे, पण बोलता काहीच येत नाही. विद्यार्थी वाकून पाहू लागले.

आणि मला हायसे वाटले. हे मला सांगायचे होते. बाकीचे सगळे यापर्यंत पोहोचण्यासाठी. तिची वाचा गेली आहे, ती परत येणार नाही बहुधा, हे मला त्या क्षणी कळले, आणि माझ्या छातीवरून ओझे उतरावे तसा मी श्वास सोडला.

सर म्हणाले, "ऐका जरा, मर्मर कळते का अजून?"

मी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला. सुगंधाने तो पाहिला. ती वळली नाही. निकामी अंगामुळे वळता येत नव्हते, की वळायचे नव्हते — तेवढे पाहायला मी थांबले नाही. मी आणि परिचारिकेने तिला दोन्ही खांद्यांना धरून डाव्या कुशीवर केले. ठोके वेडेवाकडे धावत होते. त्यांच्यामधून तो आवाज येत होता, तसाच, खाडीपलीकडच्या होडीसारखा. तिचा एक डोळा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि उघडा होता.

"येते ऐकू?" सरांनी विचारले.

मी म्हणाले, "हो, सर. स्पष्ट."