परक्यांचे हात

माझी आई नळालासुद्धा हात जोडायची. नांदेडच्या आमच्या घरी नळाला पाणी आलं की घागर लावण्याआधी तिचे हात कपाळाला जायचे. दूधवाल्याला, भाजीच्या गाड्याला, रिक्षातून उतरताना रिक्षाला आणि रिक्षावाल्यालाही. एकदा कॉलेजात शिकवायला जायची घाई असताना ती गॅसची शेगडी पुसून तिला नमस्कार करत उभी राहिली, तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आई, आता मिक्सरचं काय चुकलं? त्यालाही कुंकू लाव." ती शांतपणे म्हणाली, "त्याला दसऱ्याला लावते की." तिच्यापुढे माझी टिंगल कधी टिकली नाही.

या सगळ्याला तिचे दोन कायदे होते. पहिला देवाचा. देवापुढे उभं राहायचं ते मिळालेल्याचं नाव घ्यायला. मागायचं काही नाही. "मागितलं म्हंजे तो इसरला आसं हुतंय. तो काय इसराळू हाय?" दुसरा कायदा घरच्यांचा. आपल्या माणसाचे आभार मानायचे नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हा तिनं गावाहून धपाट्यांचा डबा पाठवला होता. मी फोनवर थँक्यू म्हणाले, तर बाई दोन दिवस बोलली नाही. "म्या काय हाटेलवाली हाय का? हात परक्याला जोडत्यात, माय. घरच्याला जोडले तर त्यो बी परका हुतो." त्यामुळे मी केलेल्या चहाचं कौतुक तिच्या तोंडून कधी आलं नाही. घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, "निस्तं पाणी!" ही आमच्या घरातली रोजची प्रार्थना.

वडील गेल्यावर मी तिला लातूरकडच्या मुरुडजवळच्या गावातून माझ्याकडे नांदेडला आणलं. शेत चुलतभावाला बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, कसायला दिलं. मग हळूहळू ती विसरायला लागली. आधी चष्मा, मग वार, मग भाजीला मीठ घातलं की नाही ते. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, एकटं सोडू नका. मी दाराला आतून उंचावर कडी बसवून घेतली आणि निश्चिंत झाले.

आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडायचे. तुरीच्या-हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. ती आंबील आधी शेताच्या कडेकडेनं शिंपडायची, मग माणसांनी प्यायची. वर्षभर जिनं खाऊ घातलं त्या काळ्या मातीला आधी घास, असा तो हिशोब. बांधावरून जाणारा कुणीही असो, जेवल्याशिवाय सोडायचा नाही.

यंदा मी ठरवलं, जायचं नाही. तिला प्रवास झेपणार नाही, घरीच भज्जी करू. ती म्हणाली, "घरात कशी येळवस? फरशीला काय आंबील पाजतीस?" मी म्हटलं, कुंडीला पाज. माझ्या जिभेला हाड नाही ते असं.

त्या सकाळी आंबील डब्यात ओतून ठेवली आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर दार सताड उघडं. वरच्या कडीखाली स्टूल. डबा नाही, चपला नाहीत, आई नाही.

खरं सांगते, आधी मला राग आला. गुडघ्यांनी कण्हणारी बाई स्टुलावर चढते म्हणजे काय! जिन्यावरून उतरेपर्यंत राग होता. फाटकापाशी पोचले, रस्ता दोन्हीकडे मोकळा दिसला. ओल्या केसांनी मी धावत सुटले. तोंडानं एकच चालू होतं, देवा ती सापडू दे, देवा ती सापडू दे. आईचा पहिला कायदा मी चौकापर्यंतही पाळला नाही.

कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, "आत्ताच गेल्या की. मला हात जोडून गेल्या." रिक्षा स्टँडवर मी तिचं वर्णन करायला लागले, पातळाचा रंग सांगता येईना. एक रिक्षावाला म्हणाला, "हात जोडणाऱ्या आजी का? बस स्टँडवर सोडलं ना मी. मला वाटलं, गावाकडं निघाल्या येळवशीला. बसा, बसा." बस स्टँडवर फुलांची टोपली घेऊन बसलेल्या बाईनं न विचारताच सांगितलं, लातूर गाडी. तिलाही नमस्कार झाला होता. ज्या हात जोडण्यावर मी इतकी वर्षं चिडले, त्याच्याच मागोमाग मी चालले होते. तो नमस्कार नसता तर गर्दीतली एक म्हातारी कुणाच्या लक्षात राहिली असती?

चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं कंडक्टरला फोन लावून दिला. गाडीच्या खडखडाटातून आवाज आला, "त्या तर उतरल्या, मॅडम. लोह्याच्या पुढं, रस्त्यालगत खोपी दिसल्या की उठल्याच. म्हणल्या माझं शेत आलं. मला वाटलं खरंच आलं. उतरताना हात जोडले बघा."

तिचं शेत तिथून कितीतरी लांब, पार लातूरच्या पलीकडे.

रिक्षावाला थांबूनच होता. "चला, नेतो," एवढंच म्हणाला. रस्ताभर तो काहीतरी धीराचं बोलत होता आणि मला फक्त विहिरी दिसत होत्या. आमच्या भागात शेतातल्या विहिरींना कठडा नसतो. जमिनीच्या बरोबरीनं तोंड, कडेला गवत, आणि आईची नजर अशी की तिला उंबरा दिसत नाही. ज्वारी डोक्याइतकी वाढलेली. त्या ज्वारीत माणूस गेला की गेलाच.

लोहा मागे पडलं तशी मी शेतं विचारत सुटले. आणि इथे येळवस आडवी आली. जिथं जाईन तिथं माणसं उठून उभी राहत, हसत, द्रोण पुढे करत. "या ताई, बसा, आधी आंबील घ्या." मी म्हणे, माझी आई हरवलीय. ते म्हणत, "सापडल हो, आजच्या दिशी कुनी उपाशी ऱ्हात न्हाई. दोन घास खावा, मंग हुडकू." माझी नजर विहिरी शोधत होती आणि समोर भज्जीचा द्रोण! एका आजोबांच्या हातातला द्रोण मी जवळजवळ झिडकारला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "एक म्हातारी त्या अंगाला गेली बघा. हिरीकडं."

मी पळाले. बांधावर आमच्या डब्याचं झाकण पडलेलं होतं. तिथून पुढे काळ्या मातीवर पांढरे शिंतोडे, ज्वारीच्या कडेकडेनं, अंतरा-अंतरावर. परक्या शेताला आई आंबील पाजत गेली होती. शिंतोडे विहिरीपर्यंत गेले आणि थांबले.

विहिरीच्या काठाशी मी गुडघ्यावर बसले. आत बघायचं धाडस होईना. मग बघितलं. हिरवं पाणी, त्यावर पाचोळा, आणि माझाच चेहरा. पाणी हललेलं होतं की वाऱ्यानं हलत होतं, मला कळेना. मी हाक मारली ती आईला की देवाला, तेही मला आता सांगता येत नाही.

"ओ ताई! तिथं काय करता? सरका मागं!" विहिरीच्या पल्याड, ज्वारीच्या आडोशाला एक खोप होती. खोपीपुढे माझ्याहून थोड्या मोठ्या वयाची एक बाई उभी होती. तिच्या मागे, पांडवांपुढे मांडी घालून, माझी आई उंडा चावत होती.

मी कशी पोचले आठवत नाही. रडत होते एवढं खरं. त्या बाईपुढे मी हात जोडले, वाकले. तिनं माझे हात मधेच धरले. म्हणाली, "हात काय जोडता? आमी परके हाव का? एकल्याच आल्या, बांधाला आंबील शिपत व्हत्या. हिरीजवळ पाय ठरंना म्हून धरून आनलं. घरच्याच की." आणि तिनं मला दंडाला धरून खाली बसवलं, आपल्या बहिणीला बसवावं तसं.

मी आईचं तोंड पुसलं. पदराची माती झटकली. तिला पाणी दिलं. ती प्याली, भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. तिचे डोळे निवळलेले होते, म्हणून मला वाटलं आता बोलणार, आता शिव्या घालणार. तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"लई उपकार झाले, बाई. तुमी कोन कुठल्या, येवढं केलं. आता येक करा. माझी लेक नांदेडला ऱ्हाते. वाट बघत आसल. तिला सांगा, म्या शेतात हाय म्हून."

मी म्हणाले, "सांगते."

त्या बाईनं मान फिरवली आणि उगीच चुलीपुढची राख सारखी करायला लागली. मी भज्जी खाल्ली. आईनं मला आग्रह केला, पाहुण्यांना करतात तसा, "घ्या की, लाजू नका."

आता दिवस असेच जातात. कधी मी तिला ओळखीची वाटते, कधी नाही. मी रोज देवापुढे उभी राहते आणि तिच्या पद्धतीनं मिळालेल्याचं नाव घेते. ती विहिरीत पडली नाही. त्या बाईचा हात वेळेवर पोचला. ती आहे. इथवर मला जमतं. पण सकाळी चहाचा कप पुढे केला की आई आधी मला हात जोडते. मी ते हात सोडवते, त्यात कप देते आणि तिच्या तोंडाकडे बघत उभी राहते. मागू नये हे माहीत असून तेवढ्या वेळात मी रोज एकच मागते, की तिनं एक घोट घ्यावा, तोंड वाकडं करावं आणि म्हणावं, निस्तं पाणी.