पत्रिका जुळली, बोर्ड चुकला

पश्चिम मांबळमचे रघुरामराव जुळणी पाहिल्याशिवाय कशालाच हात लावत नसत. तंजावरहून चेन्नईला आलेल्या निम्म्या मराठी घरांतल्या पत्रिका त्यांनीच जुळवलेल्या. नळाचा वायसर आणायला गेले, तरी जुना वायसर खिशात घालून जायचे. बोलताना प्रत्येक वाक्याचं शेपूट वर उचलून थांबायचे. समोरच्यानं "आमा, आमा" म्हणून मान डोलावली की मगच पुढचं वाक्य सुटायचं.

त्यांच्या मुलीला, कीर्तनाला, घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायचं काम मिळालं आणि त्याच आठवड्यात तिच्या लॅपटॉपनं मान टाकली. सोमवारी काम सुरू झालं नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

"तयार संगणकाचा डबा कशाला? सुटे भाग मी जुळवतों," रावांनी जाहीर केलं.

"अप्पा, हे लग्न-कल्याण नव्हे."

"अस्कं, सगळं एकच, कण्णा!"

प्रोसेसर त्यांनी हुशारीनं निवडला. स्वस्तातला, पण पडद्यावर चित्र दाखवायची सोय त्याच्या आतच; वेगळ्या कार्डाचा खर्च वाचला. शिवाय मेमरी जुन्या पिढीची डीडीआर-फोर असो की नवी डीडीआर-फाइव्ह, त्याला दोन्ही चालत. "दोन्ही नाड्या चालणारा मुलगा! कोट मिळतो असा, कुठं मिळतो?" म्हणून रावांनी त्याला नवी फाइव्ह पसंत केली.

शुक्रवारी ते रिची स्ट्रीटवर अरुणच्या संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात पोचले, तेव्हा राहुकाळ लागायला थोडाच अवकाश होता.

"मेमरीचा भाव म्हणजे पोंगलच्या आधीचं मल्लिप्पू, मोगऱ्याचं फूल, सार! कॉफी पिऊन आलात की वर, सार!"

खरेदी राहुकाळाच्या आत उरकायची म्हणून रावांनी मेमरी घेतली, प्रोसेसर घेतला आणि सगळ्यांत स्वस्त मदरबोर्डावर बोट ठेवलं. "ह्या प्रोसेसरला बसतो ना?"

"पक्का बसतो, सार."

अरुण खोटं बोलला नव्हता. विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं.

घरी रावांच्या बायकोनं, वसंताबाईंनी, मेमरीचं पाकीट फोडून पट्टीच्या दोन्ही टोकांना कुंकू लावलं. नवी वस्तू घरात आली की त्यांचा हात थांबत नसे. तोवर कीर्तना बोर्डाचा सीलबंद खोका वाचत होती.

"अप्पा, हा बोर्ड फोरचा आहे. तुम्ही फाइव्ह आणलीय."

"प्रोसेसरला दोन्ही चालतं."

"प्रोसेसरला चालतं. पण मेमरी बसते बोर्डावर. फाइव्हची खाच वेगळ्या जागी असते, दाबूनही बसणार नाही."

"नवरा-बायकोचं पटलं," वसंताबाई म्हणाल्या, "बिऱ्हाड बघायचं राहिलं!"

रावांच्या वाक्याचं शेपूट पहिल्यांदाच खाली पडलं. "सरी, बरं."

कुंकू लावलेली मेमरी दुकान परत घेणार नव्हतं. बोर्ड मात्र सीलबंद होता. रविवारी बाजार बंद. त्यांनी अरुणला फोन लावला.

"उद्या सकाळी उघडताच या, सार. नंतर मी गावाला, सार."

शनिवारी सकाळी उघडताच म्हणजे नेमका राहुकाळ. तरी राव फोनवर म्हणाले, "येतों."

मेमरी वायसरसारखी खिशात घालून ते गेले. अरुणनं पट्टी हातात घेतली आणि दचकला. "जळाली काय, सार?"

"नाही. आमच्या घरच्या बाईंनी कुंकू लावलं."

"ओहो! मग मेमरी परत नको, सार."

बोर्ड बदलून मिळाला. नवा महाग, म्हणून सगळे भाग ठेवायला सांगून ठेवलेली काचेची कॅबिनेट रद्द करून घरचीच जुनी वापरायची ठरली. रावांनी काउंटरवरच मेमरी बोर्डात बसवून पाहिली. टक् आवाज झाला, तेव्हाच पाकिटात हात घातला.

घरी कीर्तनानं खोडरबरानं कुंकू पुसून सगळं जोडलं. वसंताबाई करंडा घेऊन पुढे झाल्या.

"आधी चालू होऊ दे," राव म्हणाले.

चालू झालं. सोमवारी कीर्तना कामाला बसली.

पुढच्या महिन्यात एक गृहस्थ पत्रिका घेऊन आले. मुलगा बेंगळूरचा, मुलगी इथली. रावांनी पत्रिका उघडल्याच नाहीत.

"आधी सांगा. लग्न झाल्यावर राहणार कोट?"