दिवेलागणीनंतरचे विरजण

राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी भोपाळला गेली आणि तिच्या मागोमाग आमचे घरही गेले. वडील सचिवालयात कारकून होते. बदलीचा हुकूम आला तेव्हा कार्यालयातील बहुतेक मंडळी खिन्न झाली. वडिलांना मात्र मी कित्येक महिन्यांनी प्रथमच शीळ घालताना ऐकले.

कारण मला ठाऊक होते. धाकट्या भावाच्या जन्मानंतर आईचे मन बिघडले होते. तिची झोप उडाली, ती भिंतीशी बोलू लागली, बाळ कुणीतरी बदलले आहे असे म्हणू लागली. शेवटी तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. काही महिन्यांनी ती बरी होऊन परत आली. वस्तीने मात्र तिला परत येऊ दिले नाही. ती नळावर गेली की बायका आपापल्या बादल्या उचलून मागे सरत.

"भोपाळात आपल्याला कोण ओळखतं?" सामान बांधताना वडील म्हणाले. "नवं गाव, नवी माणसं. कुणापाशी काही बोलायचं नाही." मग आईकडे न पाहता त्यांनी पुढचे वाक्य उच्चारले. "आणि तिथंही बोभाटा झाला, तर तुला अकोल्याला भावाकडे राहावं लागेल. मुलं माझ्यापाशी राहतील."

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. ते वाक्य मी बरोबर घेऊनच भोपाळला आले.

वडिलांसारख्या काटेकोर माणसाच्या ध्यानातून एक गोष्ट कशी निसटली, याचे मला अजून नवल वाटते. बदली त्यांच्या एकट्याची नव्हती, सबंध कार्यालयाची होती. आणि क्वार्टर्स खात्यांप्रमाणे वाटली गेली होती. आज जिथे तुलसी नगर आहे त्या बाजूला, उघड्या माळावर उभ्या राहिलेल्या नव्याकोऱ्या ओळीपाशी आम्ही टांग्यातून उतरलो, तेव्हा शेजारच्या दारात ट्रंक उघडून बसलेल्या काकू नागपूरच्याच होत्या. नळावर बादली उचलणाऱ्यांपैकी एक.

"अगं बाई, तुम्हीसुद्धा इथंच?" त्या म्हणाल्या. त्यांची नजर आईच्या चेहऱ्यावर थांबली आणि तिथून बाळावर गेली. "बाळसं धरलंय हो बाळानं."

वडिलांनी टांगेवाल्याला उगाचच दोनदा "सँभाल के" म्हटले.

त्या दिवसापासून मी आईवर पहारा करू लागले. मला कुणी तसे सांगितले नव्हते. ती स्वतःशी गुणगुणली की मी दार लोटून घेई. मोठ्याने हसली की खिडकीही ओढून घेई. अमावास्येला अशी माणसे बिघडतात असे मी कुठेतरी ऐकले होते, म्हणून पंचांग पाहून त्या दिवशी पोट दुखल्याचे सांगून शाळा बुडवी. हे आनुवंशिक असते असेही ऐकले होते. त्यामुळे एकटी असताना हसू आले तर ओठ चावून धरी. वडिलांचीही तीच गत होती. आईला घरातली सगळी कामे करू द्या, असे डॉक्टरांनी त्यांना बजावून सांगितले होते. तरीही विळी त्यांच्या ट्रंकेत कुलूपबंद असे. रोज सकाळी ती बाहेर काढून ते स्वतः भाजी चिरत आणि कार्यालयात जाण्यापूर्वी पुन्हा आत ठेवत. आई ते पाही.

नागपूर सोडताना आईने एक स्वच्छ फडके दह्यात बुडवून वाळवले होते. भोपाळला तेच कोमट दुधात भिजवून तिने विरजण लावले. आमच्या बायकांना हलवायाचे दही विरजणाला चालत नसे, म्हणून सुरुवातीला ओळीतल्या पुष्कळजणी वाट्या घेऊन आमच्याकडे येत. मग एकेक करून त्या येईनाशा झाल्या. कोपऱ्यावरच्या घरातली माझी मैत्रीण एकदा शाळेच्या वाटेवर म्हणाली, "आई म्हणते, तुमच्या घरचं विरजण लावलं तर तुमचं दुखणं आमच्या घरात येईल."

मी हे घरी सांगितले नाही. पण वाट्या येईनाशा झाल्या होत्या, हे आईलाही दिसत होते.

संक्रांतीला तिने हळदीकुंकू करायचे ठरवले. "गर्दीचा ताण तुला सोसायचा नाही," वडील म्हणाले.

"मला ताण एकटीनं बसायचा येतो," आई म्हणाली.

बायका आल्या, मला वाटते, कुतूहलानेच आल्या. मी तिळगुळाचे ताट फिरवीत होते. प्रत्येकीने वडी घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली. तोंडात एकीनेही घातली नाही. शेजारच्या काकूंपुढे मी ताट मुद्दाम जरा जास्त वेळ धरले, पण त्यांनीही वडी पदरालाच बांधली.

आईने काकूंना कुंकू लावले आणि करंडा खाली ठेवला.

"तुमच्यातल्या काहीजणींना ठाऊक आहे," ती म्हणाली, "बाकीच्यांना मी सांगते. मी वेड्यांच्या इस्पितळात होते. आता बरी आहे."

कोपऱ्यावरच्या बाई तत्काळ उठल्या. "दूध उतू जाईल हो माझं," असे म्हणून त्या चपला शोधू लागल्या.

काकूंना मात्र राहवले नाही. "तिथं साखळदंडानं बांधतात म्हणे?"

"मला नाही बांधलं. वरणात मीठ मात्र कधी नसायचं."

एकजण हसली आणि लगेच पदर तोंडावर घेऊन गप्प झाली. पाच-दहा मिनिटांत घर रिकामे झाले.

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या कानावर ते कार्यालयातच गेले. घरी आल्यावर ते बूट न काढता खुर्चीवर बसून राहिले. "तूच बोभाटा केलास," ते म्हणाले. "होळी झाली की तुला अकोल्याला पोचवतो."

"बरं," आई म्हणाली. बाळाची अंगडी ती घड्या घालून ठेवू लागली. मी त्या घड्यांकडे पाहत उभी राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, आईने देवापाशी निरांजन लावले असताना, मागच्या दाराची कडी हलकेच वाजली. शेजारच्या काकू होत्या. वाटी त्यांनी पदराखाली धरली होती.

"वहिनी, जरा विरजण देता? आमचं नासलं."

"दिवे लागले हो आता," आई म्हणाली. "दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत. सकाळी या."

"अहो, चमचाभर तर हवंय! परमुलखात कसले आलेत नियम?"

"सकाळी या. पुढच्या दारानं. भांडंभर देते."

"आई, दे ना गं," मी तिचा पदर ओढून कुजबुजले. तिने माझा हात सोडवला. काकू रिकामी वाटी पुन्हा पदराखाली घेऊन निघून गेल्या.

"आलेली एक बाई, तीही घालवलीस," वडील आतून म्हणाले. आईने निरांजनाची वात सारखी केली.

सकाळी मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. ओळीतले पुरुष सायकली पुसत होते, बायका नळावर होत्या. आमच्याकडे येणाऱ्याला लपायला जागा उरू नये अशीच ती वेळ होती. काकूंचे दार बंद होते. ते उघडले, काकू बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. मग त्या आल्या. हातात उघडी वाटी होती.

"सकाळी सकाळी कुणीकडे?" नळावरून कोपऱ्यावरच्या बाईंनी विचारले.

"विरजणाला."

"ह्यांच्याकडे?"

"मग काय हलवायाकडे जाऊ? तसलं दही खाऊन आमच्या ह्यांचा घसा धरलाय." एवढे म्हणून त्या आमच्या पुढच्या दाराने आत आल्या.

वडील नेहमीप्रमाणे दाराशी बसून पानकोबी चिरत होते. काकू उंबऱ्यातच थबकल्या. "अगं बाई! भावजींवर आली होय भाजी चिरायची पाळी? आणि वहिनी काय, नुसत्या बसून असतात?"

वडील कानांपर्यंत लाल झाले. आईने वाटी भरली आणि म्हणाली, "दूध नागपुरापेक्षा जरा गरम ठेवा. इथं थंडी जास्त आहे." काकू वाटी तळहातावर धरून, नळासमोरून संथपणे गेल्या.

वडिलांनी घड्याळ पाहिले, डबा उचलला आणि सायकल बाहेर काढली. अकोल्याचे नाव त्यानंतर घरात निघाले नाही. विळी ट्रंकेत न जाता पाटाशेजारी तशीच उघडी राहिली होती. उरलेला गड्डा घेऊन आई तिच्यावर बसली आणि तो संपेपर्यंत मी तिच्या हातांवरची नजर काढली नाही.