लालीमावशींचं ‘खाली’

लालीबाई राठोड आमच्या शेजारच्या. पोलीस ठाण्यात हवालदार. बंदुकांच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे. गल्लीत मी सगळ्यांच्या नकला करतो, पण टाळ्या पडतात लालीमावशींना. मान तिरपी, डोळे बारीक आणि नाकातून, “खाली हाय का?”

कारण मावशी कुकरलाही सोडत नाहीत. त्यांचे यजमान देवीलालकाका म्हणतात, “खाली हाय वं, घासून टाक.” तरी मावशी झाकण काढून आत बोट फिरवणार. “तोंडानं नको सांगू. बोटाले पाहू दे.”

“नवऱ्यावर भरोसा नाही, कुकरवर असंन!”

“दोघायवरही नाही.”

जानेवारीत पोलीस सप्ताहात आमची दहावी ठाणं बघायला गेली. अंगणात टेबलावर बंदुका मांडलेल्या. हात लावू देणार होते! रांगेत मी हळूच “खाली हाय का?” केलं. माझ्यापुढे उभी वर्गातली सोनू हसून वाकली.

तेवढ्यात साकेत बँकेच्या पहाऱ्यावरून रायफल घेऊन आला. नवा शिपाई, साताऱ्याकडचा. ठाणेदार म्हणाले, “ती पण ठेव टेबलावर. पोरं खोळंबलीत.”

मावशींनी हात आडवा घातला. “खाली हाय का?”

“हाय की ताई, खालीच हाय.”

तरी त्यांनी रायफल घेतली. भिंतीपाशी वाळूचं पिंप असतं, तिकडे नळी केली, मॅगझिन काढलं, बाजूचा खटका मागे ओढला. टुणकन एक गोळी उडून वाळूत पडली.

सोनूचं हसू तिथंच थांबलं. पुढचा नंबर तिचा होता.

साकेत पांढराफटक. “ताई, मला वाटलं नळीचं विचारताय. नळी खालीच होती की!”

होतीच. त्याच्याकडे खाली म्हणजे जमिनीकडे, आमच्याकडे खाली म्हणजे रिकामं. दोघं खरं बोलले आणि गोळी आतच.

मला वाटलं, आता हा सोलला जातोय. पण मावशी वाळूकडेच बघत होत्या. “माह्याच शब्दात लपली होती व्हय,” त्या म्हणाल्या. “तुले मंग बोलतो, साकेत. आधी शब्द बदलू दे. आजपासून सगळ्यायनं ‘रिकामी’ म्हणायचं. अन् तरी बोट घालायचं.”

मग टेबलावरची एकेक बंदूक त्यांनी पुन्हा उघडली. “खा... रिकामी हाय का?” जीभ अडखळत होती, बोट नाही. मी नकलाकार, जिभेवर बसलेला शब्द उठवणं काय असतं, मला ठाऊक आहे. मावशींनी तो सगळ्यांदेखत, उभ्याउभ्या टाकला.

संध्याकाळी गल्लीत फर्माईश झालीच. मान तिरपी, डोळे बारीक. “खा... रिकामी हाय का?” टाळ्या!

शेजारच्या खिडकीतून आवाज आला, “बोट राह्यलं, बे!”